नाताळ रस्त्यावरून घरात कसा आला

नाताळच्या दिवसांत मुलं हमखास एक प्रश्न विचारतात: येशूचा वाढदिवस खरंच २५ डिसेंबरला असतो का? उत्तर अवघड नाही, पण ते ऐकून मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त चकित होतात. बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख दिलेलीच नाही. तारीख सोडा, महिना किंवा ऋतूही सांगितलेला नाही.

मग ही तारीख कुणी ठरवली? झाड, तारे, मेणबत्त्या, लाल कपड्यातला म्हातारा हे सगळं त्या गोठ्यातल्या जन्माला कधी येऊन चिकटलं? या प्रश्नांचा माग काढत गेलं की एक गोष्ट दिसू लागते. सजवलेलं झाड, मुलांसाठी भेटी, दार लावून घरात एकत्र बसलेलं कुटुंब असं जे चित्र आपण ‘पारंपरिक नाताळ’ म्हणून डोळ्यांसमोर आणतो, ते फार जुनं नाही. त्यातला बराचसा भाग गेल्या दोनशे वर्षांतला आहे. त्याआधी नाताळ होता तो मुख्यतः चर्चमध्ये आणि रस्त्यावर. शिवाय घरातल्या नाताळचे कितीतरी रिवाज कुणीतरी मुलांकडे बघून, हाताशी असलेल्या वस्तूंमधून सुरू केलेले आहेत. म्हणूनच आज कुठल्याही घराला ते सहज उचलता येतात.

गोष्टी दोन, देखावा एक

बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारे चार ग्रंथ आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. त्यांपैकी मार्क आणि योहान जन्माची गोष्ट सांगतच नाहीत. ती सांगतात मत्तय आणि लूक, आणि दोघांच्या कथा बऱ्याच वेगळ्या आहेत.

लूकच्या कथेत रोमन सम्राट शिरगणतीचा हुकूम काढतो, म्हणून योसेफ आणि मरिया नासरेथहून बेथलेहेमला येतात. उतरायला जागा मिळत नाही. मरिया बाळाला कपड्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवते. रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना देवदूत ही बातमी देतात आणि ते धावत बाळाला बघायला येतात. मत्तयच्या कथेत यातलं मरिया-योसेफ आणि बेथलेहेम एवढंच आहे. तिथे तारा आहे, पूर्वेकडून आलेले मागी म्हणजे ज्ञानी लोक आहेत, सोनं, ऊद आणि गंधरस या भेटी आहेत, संशयाने पेटलेला हेरोद राजा आहे आणि बाळाला घेऊन इजिप्तला पळून जाणारं कुटुंब आहे. गव्हाणीचा मात्र उल्लेख नाही. मागी येतात ते एका घरात.

मागी किती होते तेही मत्तय सांगत नाही. भेटी तीन, म्हणून पुढच्या लोकांनी माणसंही तीन धरली. गाय आणि गाढव तर दोन्ही कथांत नाहीत. आपल्या धन्याची गव्हाणी बैलाला आणि गाढवाला कळते अशी यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात एक ओळ आहे, तिच्यावरून ती जनावरं नंतर देखाव्यात आली.

वर्षाचाही घोळ आहे. इ.स. ही कालगणना सहाव्या शतकात, ५२५च्या सुमारास, डायोनिसियस एक्झिगुअस नावाच्या साधूने मांडली. पण हेरोद राजा बहुतेक इतिहासकारांच्या मते इ.स.पू. ४ मध्येच वारला. येशू हेरोदाच्या हयातीत जन्मला असेल, तर त्याचा जन्म ‘येशूपूर्व’ काळातच पडतो. ही थट्टा नव्हे, पाचशे वर्षं मागे जाऊन केलेल्या हिशेबात पडलेला फरक आहे.

२५ डिसेंबर कुठून आला

पहिल्या दोन-अडीच शतकांतल्या ख्रिस्ती लोकांना जन्मदिवसाचं अगत्य नव्हतं. त्यांचा मोठा सण ईस्टर, म्हणजे पुनरुत्थानाचा. तिसऱ्या शतकातला विद्वान ओरिजेन तर म्हणतो की शास्त्रात वाढदिवस साजरे करताना दिसतात ते इजिप्तचा राजा फारो आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं शिर कापायला लावणारा दुसरा, नंतरचा हेरोद असले लोक, संत नव्हेत. इ.स. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाने येशूच्या जन्मतारखेबद्दलची निरनिराळी मतं नोंदवून ठेवली. त्यात एप्रिल आणि मे महिन्यांतल्या तारखा आहेत, २५ डिसेंबरचा पत्ता नाही.

ही तारीख निःसंदिग्धपणे पहिल्यांदा दिसते ती रोममध्ये. इ.स. ३५४ साली तिथे एका सधन ख्रिस्ती गृहस्थासाठी पंचांगासारखी एक सचित्र वही तयार झाली. तिच्यात हुतात्म्यांच्या स्मरणदिनांची एक यादी आहे. ती ३३६च्या आसपासची मानली जाते आणि तिच्या सुरुवातीलाच २५ डिसेंबरला ‘बेथलेहेममध्ये ख्रिस्ताचा जन्म’ अशी नोंद आहे. पूर्वेकडे हा सण आणखी उशिरा पोचला. ३८६ साली पूर्वेकडच्या अंत्युखिया शहरात प्रवचन करताना जॉन क्रिसोस्टम हा धर्मोपदेशक सांगतो की आपल्याकडे हा दिवस माहीत होऊन अजून दहा वर्षंही झालेली नाहीत.

पण नेमका हाच दिवस का? याचे दोन खुलासे दिले जातात.

पहिला खुलासा बहुतेकांनी ऐकलेला असतो: रोमन लोकांचा सूर्याचा सण होता, ख्रिस्ती लोकांनी तो आपलासा केला. याला आधार आहे. रोमन दिनदर्शिकेत २५ डिसेंबर हा रूढीने सर्वांत लहान दिवस धरला जाई, तिथून दिवस मोठा होऊ लागतो. ऑरेलियन सम्राटाने २७४ साली रोममध्ये ‘अजिंक्य सूर्या’चं मोठं मंदिर उभारलं. वर सांगितलेल्या ३५४च्या वहीतच दुसऱ्या एका दिनदर्शिकेत २५ डिसेंबरला ‘अजिंक्या’चा जन्मदिवस लिहिलेला आहे. सूर्याची नोंद आणि ख्रिस्ताची नोंद एकाच वहीत, पण आधी कुठला सण होता ते तिच्यावरून सिद्ध होत नाही. बरेचदा सॅटर्नेलिया या रोमन सणाचंही नाव घेतलं जातं. तो १७ डिसेंबरला सुरू होऊन २३च्या आसपास संपायचा. मेजवान्या, मेणबत्त्यांच्या भेटी, मालक-गुलामांनी काही काळ जागा बदलणं असं त्याचं रूप होतं. डिसेंबरातल्या मौजमजेची सवय लोकांना आधीपासून होती एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं, त्यापुढचं नाही.

दुसरा खुलासा हिशेबाचा आहे आणि मला तो अधिक पटतो. टर्टुलियनसारख्या पाश्चात्त्य लेखकांनी येशूच्या क्रूसावरील मृत्यूची तारीख २५ मार्च धरली होती. थोर पुरुषांचं आयुष्य नेमकं पूर्ण असतं, ज्या दिवशी ते गर्भात येतात त्याच तिथीला जगातून जातात, अशी त्या काळी एक धारणा होती. मग येशूही २५ मार्चलाच मरियेच्या उदरात आला असणार. त्यात नऊ महिने मिळवा: २५ डिसेंबर. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन हाच हिशेब स्वच्छ शब्दांत लिहितो.

मला हा खुलासा पटण्याचं कारण असं की तो दुसऱ्या एका कोड्याचंही उत्तर देतो. पूर्वेकडच्या काही ख्रिस्ती समाजांनी मृत्यूची तारीख ६ एप्रिल धरली होती. तिच्यात नऊ महिने मिळवले की ६ जानेवारी येते, आणि पूर्वेत येशूच्या जन्माचा दिवस म्हणून खरोखर ६ जानेवारीच पाळला जात होता. आर्मेनियन चर्च आजही जन्माचा सण ६ जानेवारीलाच करतं. सूर्याच्या सणाने या तारखेचा उलगडा होत नाही. अर्थात एक खुलासा खरा म्हणून दुसरा खोटाच असं नाही. हिशेबाने आलेली तारीख दिवस मोठा होऊ लागण्याच्या सुमारास पडते हे त्या काळच्या धर्मोपदेशकांच्याही लक्षात आलं होतं आणि ख्रिस्ताला ‘नीतिमत्तेचा सूर्य’ म्हणताना त्यांनी त्याचा भरपूर उपयोग केला.

मग रशिया, सर्बियासारख्या देशांत नाताळ ७ जानेवारीला कसा? तिथे चर्चची तारीख २५ डिसेंबरच आहे, फक्त दिनदर्शिका जुनी आहे. १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी दिनदर्शिका सुधारली आणि साठलेला फरक काढायला दहा दिवस गाळले. ज्या चर्चेसनी जुनी ज्युलियन गणना ठेवली, त्यांचा २५ डिसेंबर आज आपल्या ७ जानेवारीला पडतो, कारण फरक आता तेरा दिवसांचा झाला आहे. २१०० हे नव्या गणनेत लीप वर्ष नाही, जुन्या गणनेत आहे. त्यामुळे २१०१पासून तोच नाताळ ८ जानेवारीला येईल. युक्रेनने २०२३ साली कायदा करून नाताळची सरकारी सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरवर आणली. खुद्द बेथलेहेममध्ये नाताळ तीनदा होतो: २५ डिसेंबरला, ७ जानेवारीला आणि जुन्या गणनेने चालणाऱ्या तिथल्या आर्मेनियन लोकांचा १९ जानेवारीला.

गाजावाजा, आणि बंदीसुद्धा

मध्ययुगीन युरोपात नाताळ हा बारा दिवसांचा सण होता, २५ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत. त्यामागे शेतीचं साधं कारणही होतं. कापणी-मळणी आटोपलेली, शेतात काम नाही, हिवाळ्यात पोसता येणार नाहीत ती जनावरं कापलेली, नवी बिअर तयार. वर्षातून एकदाच ताजं मांस, पेय आणि रिकामा वेळ तिन्ही एकत्र जमायचं. त्यामुळे नाताळ म्हणजे खाणं, पिणं, सोंगं, जुगार आणि टोळक्याने श्रीमंतांच्या दारात गाणी म्हणत खाण्यापिण्याचा हक्क वसूल करणं. दार उघडलं नाही तर दंगाही व्हायचा.

सतराव्या शतकातल्या प्युरिटन, म्हणजे कडक धर्माचरणाचा आग्रह धरणाऱ्या इंग्रज ख्रिस्ती लोकांना हे अजिबात खपत नव्हतं. त्यांचं म्हणणं दुहेरी होतं: एक तर या सणाला बायबलचा आधार नाही, आणि दुसरं, त्याच्या नावाखाली सगळे धिंगाणा घालतात. १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ, ईस्टर वगैरे सण रद्द केले. त्याच डिसेंबरात कँटरबरीत दुकानं उघडी ठेवायच्या सक्तीवरून लोकांनी दंगल केली. १६६०मध्ये राजेशाही परतली तेव्हा बंदी गेली. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्सने १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता, तो १६८१ साली उठला. स्कॉटलंडमध्ये तर २५ डिसेंबर सार्वजनिक सुट्टी झाली ती थेट १९५८ साली.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटलं. शहरं वाढली, कारखाने आले, मध्यमवर्ग उभा राहिला. रस्त्यावरच्या दंग्याची या वर्गाला धास्ती वाटे आणि घर, मुलं, बालपण यांचं नव्याने मोल वाटू लागलं होतं. नाताळ उंबरठ्याच्या आत आला तो याच काळात. आत येताना त्याने बऱ्याच गोष्टी जर्मन घरांतून घेतल्या.

झाड, भेटी आणि निकोलस

घरात झाड उभारायची चाल जर्मन भाषिक प्रदेशातली. स्ट्रासबुर्गच्या १६०५ सालच्या एका वर्णनात लोक दिवाणखान्यात फरची झाडं उभारतात आणि त्यांना कागदी गुलाब, सफरचंदं, पातळ वेफर, सोनेरी वर्ख आणि मिठाई टांगतात असं लिहिलेलं आहे. सफरचंदं कशाला? २४ डिसेंबर हा चर्चच्या दिनदर्शिकेत आदाम आणि हव्वा यांचा दिवस होता. त्या दिवशीच्या नाटकात एदेन बागेतलं झाड लागायचं आणि हिवाळ्यात हिरवं झाड म्हणजे फर, त्याला बांधलेली सफरचंदं. झाडावरचे लाल गोळे हे त्या सफरचंदांचे वारस आहेत असं मानलं जातं. मार्टिन ल्यूथरने पहिल्यांदा झाडावर मेणबत्त्या लावल्या ही गोष्ट मात्र नंतरची आहे, तिला त्याच्या काळातला पुरावा नाही.

इंग्लंडच्या राजघराण्यात हे झाड जर्मन राण्यांबरोबर १८००च्या सुमारास पोचलं होतं, पण लोकांपर्यंत गेलं ते एका चित्रामुळे. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुलं झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापून आलं. १८५० साली एका अमेरिकन मासिकाने तेच चित्र छापलं, फक्त राणीच्या डोक्यावरचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा काढून टाकल्या. राजघराणं पुसलं गेलं, उरलं एक सामान्य सुखी कुटुंब, आणि ते झाड कुणाच्याही घरातलं होऊ शकत होतं. नाताळ घरातला सण कसा झाला हे एका चित्रात दाखवायचं असेल तर मी हेच दाखवेन.

सांताक्लॉजची मुळं चौथ्या शतकातल्या निकोलस नावाच्या बिशपमध्ये आहेत. तो आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचा. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्याने रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या अशी आख्यायिका आहे. ६ डिसेंबर हा त्याचा दिवस. नेदरलँड्समध्ये तो आदल्या संध्याकाळी मुलांच्या बुटांत भेटी ठेवायचा. संतांची भक्ती नको म्हणून प्रोटेस्टंट जर्मनीत भेटींचा मान बाळ येशूकडे आणि दिवस नाताळकडे सरकला. न्यूयॉर्कमध्ये डच निकोलसला नवं रूप मिळालं. १८२३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्रात निनावी छापलेल्या कवितेने त्याला आठ रेनडिअरची घसरगाडी आणि धुराड्यातून उतरायची वाट दिली. १८६३पासून व्यंगचित्रकार थॉमस नास्टने त्याला गोल पोट आणि उत्तर ध्रुवाचा पत्ता दिला. शीतपेयाच्या जाहिरातीने त्याला लाल कपडे घातले असं सर्रास सांगितलं जातं, ते बरोबर नाही. कोका-कोलासाठी हॅडन संडब्लॉमने केलेली चित्रं १९३१ची आहेत आणि लाल कपड्यातला सांता त्याआधीच ठरून गेलेला होता. त्या चित्रांनी तो जगभर एकसारखा केला, इतकंच.

घरात काय करता येईल

इथवरचा इतिहास मुलांना नुसता सांगितला तर ती दहा मिनिटांत उठून जातील. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट हातांनी करण्याजोगी आहे आणि करताना ती आपोआप सांगितली जाते.

सुरुवात देखाव्यापासून करावी असं माझं मत. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात असिसीच्या संत फ्रान्सिसने एका गुहेत गव्हाणी ठेवली, तिच्यात गवत पसरलं आणि शेजारी खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं. बेथलेहेममधल्या बाळाचे हाल लोकांना डोळ्यांनी बघता यावेत एवढाच त्याचा हेतू होता. घरी देखावा मांडायच्या आधी लूक आणि मत्तय यांचे पहिले दोन-दोन अध्याय मोठ्याने वाचा. प्रत्येक मुलाला कागद द्या आणि कुठलं पात्र कुठल्या गोष्टीत येतं ते लिहायला सांगा. मेंढपाळ एका यादीत, मागी दुसऱ्या, गाढव कुठेच नाही! सात-आठ वर्षांच्या मुलांना हा शोध फार आवडतो. त्यानंतर मातीच्या, कागदाच्या किंवा बुचाच्या बाहुल्या करून देखावा मांडावा. गव्हाणी रिकामीच ठेवायची आणि कुणीही कुणासाठी काही चांगलं केलं की त्यात गवताची एक काडी टाकायची, अशीही एक छान चाल आहे. २४च्या रात्री बाळ ठेवेपर्यंत त्याचं अंथरूण तयार होतं.

वाट बघण्यासाठी मेणबत्त्यांचं चक्र करा. १८३९ साली हॅम्बुर्गजवळ निराधार मुलांसाठी वसतिगृह चालवणाऱ्या योहान हिनरिच विचर्नला मुलं रोज विचारून भंडावत की नाताळ कधी येणार. त्याने लाकडी चाक टांगलं आणि त्यावर आठवड्याच्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या, रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची, मुलांनी मोजायचं. आता त्यातल्या फक्त चार रविवारच्या उरल्या आहेत. आगमनकाळ, म्हणजे नाताळची वाट बघण्याचे हे आठवडे, ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळच्या रविवारी सुरू होतो, तिथून दर रविवारी एक मेणबत्ती वाढत जाते. घरात चार मेणबत्त्या, एक पसरट ताट आणि थोडा पाला असला की पुरे. पाला दर आठवड्याला बदला, वाळलेली फांदी क्षणात पेट घेते. पेटलेली मेणबत्ती सोडून खोलीबाहेर जाऊ नका. लहान मूल असेल तर बॅटरीवरची मेणबत्ती लावायला काहीच हरकत नाही, मोजणं तेच राहतं.

सजावटीत मला सगळ्यात आवडतो तो कागदी हिमकण, पण तो बरोबर सहा पाकळ्यांचा व्हायला हवा. दुकानात आणि शाळेत दिसणारे बहुतेक कागदी हिमकण आठ पाकळ्यांचे असतात, कारण कागद नुसता अर्धा-अर्धा घडी घालत गेलं की आठच होतात. खरे हिमस्फटिक षट्कोनी असतात. गोठताना पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत बसतात म्हणून. योहानेस केप्लरने १६११ साली आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून हिमकण सहाच कोनांचा का, यावर एक छोटी पुस्तिका लिहून दिली होती. करायचं असं: चौरस कागद कर्णावर दुमडून त्रिकोण करा, तो पुन्हा मधोमध दुमडून लहान त्रिकोण करा. आता घडीच्या मधलं टोक, म्हणजे जिथे कागदाचा मध्यबिंदू आहे ते, खाली धरा. त्या टोकाच्या काटकोनाचे तीन सारखे भाग करायचे आहेत: उजवी बाजू तिसऱ्या भागाइतकी आत दुमडा, डावी तिच्यावर आणा. दोन्ही कडा नेमक्या जुळल्या की भाग बरोबर पडले. वरची वेडीवाकडी शेपटं तिरपी कापून टाका आणि कडांवर हवे तसे काप घ्या. मध्याचं टोक अगदी थोडंच कापा, नाहीतर मोठं भोक पडतं. पातळ कागद घ्यावा, बारा थर कापताना जाड कागदावर मुलांचा हात चालत नाही.

झाड आणायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. कुंडीतल्या कुठल्याही रोपाला किंवा बाटलीत उभ्या केलेल्या फांदीला हे सगळं तितकंच शोभतं. संत्र्याच्या अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या पुसून कोरड्या करून ओव्हनमध्ये १०० अंशांवर तीन-चार तास, मधून मधून उलटत, वाळवल्या तर त्या काचेसारख्या पारदर्शक होतात. दिव्यासमोर टांगल्या की झळकतात.

नाटकाची हौस असलेल्या घरांनी मेक्सिकोतला पोसादास हा रिवाज जरूर बघावा. तिथे १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ संध्याकाळी लोक मरिया-योसेफ होऊन दारोदार आसरा मागत फिरतात. आतले गाण्यातूनच नाही म्हणतात आणि शेवटच्या दारात सगळ्यांना आत घेतलं जातं. घरात खोल्याखोल्यांच्या दारांवरही हे छान जमतं. ‘जागा नाही’ म्हणायचं काम मुलांना फार आवडतं, आणि पुढच्या फेरीत आसरा मागणाऱ्यांत त्यांना उभं केलं की नकार ऐकताना कसं वाटतं तेही कळतं. पोलंडमध्ये २४ तारखेला आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी जेवायला बसत नाही, ती शोधायचं काम मुलांचं असतं. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी.

गाण्यांसाठी वाद्यं लागत नाहीत. जगभर गायलं जाणारं ‘सायलेंट नाइट’ हे गाणं १८१८ साली नाताळच्या आदल्या दिवशी ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात जन्मलं. योसेफ मोर या तरुण धर्मगुरूने आपली कविता फ्रान्झ ग्रुबर या शिक्षकाकडे नेली, त्याने चाल लावली आणि त्याच रात्री दोघांनी ते गिटारवर गायलं. दोन आवाज आणि एक गिटार! आपापल्या भाषेत, आठवतं तेवढंच म्हणायलाही हरकत नाही.

भेटींबाबत माझं एक आग्रहाचं सांगणं आहे. निकोलसच्या गोष्टीतली खरी गंमत गुपचूपपणात आहे, वस्तूच्या किमतीत नाही. घरातल्या सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाका, प्रत्येकाने एक उचलावी आणि त्या माणसासाठी आठवडाभर नाव न सांगता छोटी छोटी कामं करावीत: कुणाचे बूट पुसून ठेवायचे, कुणाचं राहिलेलं काम उरकायचं, उशाखाली चिठ्ठी ठेवायची. शेजारीपाजारी एकटं राहणारं कुणी असेल तर एक चिठ्ठी त्यांच्या नावाचीही टाकावी. त्यांना हातांनी केलेलं कार्ड मिळालं तरी दिवस वेगळा जातो. छापील कार्डाचा जन्म तसा घाईतूनच झाला. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोलला इतक्या पत्रांना उत्तरं लिहायला सवड नव्हती, म्हणून त्याने चित्रकार जॉन हॉर्सलीकडून एक कार्ड करून घेतलं आणि त्याच्या हजारेक प्रती काढल्या. उरलेली एक शिलिंगला एक या भावाने विकली. आता मुलांना सुट्टी आहे, सवडीने एकेक कार्ड करता येईल.

२५ तारखेला सगळं आवरून ठेवायची मात्र घाई नको. सणाचे बारा दिवस तेव्हा सुरू होतात. मागींच्या बाहुल्या गव्हाणीपाशी पहिल्या दिवसापासून मांडू नयेत. त्या घराच्या दुसऱ्या टोकाला, एखाद्या कपाटावर ठेवाव्यात आणि मुलांनी रोज थोड्या थोड्या पुढे सरकवाव्यात, म्हणजे त्या बारा दिवस संपताना, ६ जानेवारीला, बरोबर पोचतात. तोवर आलेल्या भेटींची आभारपत्रं लिहून होतात. आवराआवर करताना संत्र्याच्या चकत्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, दमट हवेत त्यांना बुरशी येते.